खांबावरची लाल फुली

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी सकाळी जुन्या सुरतेत चित्रं काढायला जायच्या आणि सोबतीला मी जायचे. हे आईने ठरवलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, इंग्रजी शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते, आणि आईच्या मते मला चार माणसांत वावरायची सवय लागायला हवी होती. काकूंची गरज वेगळी होती. त्या धुळ्याच्या. काकांच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे येऊन बरीच वर्षं झाली, तरी गुजराती त्यांच्या जिभेवर बसली नव्हती. माझा जन्मच इथला. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रिक्षावाल्याशी गुजराती, फेरीवाल्याशी हिंदी. इतक्या भाषा येत असून मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. काकू म्हणायच्या, "दुकान मालाने भरलेलं आणि शटर खाली."

मला ते काम आवडायचं, कारण त्यात गप्प राहता येत होतं. घडीचं स्टूल, छत्री, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी, एवढं मी धरायचं. काकू मांडीवर फळी घेत, तिच्यावर जाड कागद चिमट्याने लावत आणि थेट शाईने सुरुवात करत. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. ती काळी शाई एकदा वाळली की वरून पाणी फिरवलं तरी हलत नसे. आधी शाईची रेघ, मग पुढच्या रविवारी त्याच जागी बसून जलरंग. रेघ चुकली तर काकू ती खोडायला जात नसत, तिची विजेची तार करत. जुन्या शहरात तारांना काही तोटा नव्हता. त्यामुळे काकूंच्या चित्रांतली घरं अगदी खरी वाटायची.

प्लेगनंतरची ती वर्षं. शहर झाडूनपुसून निघत होतं आणि रस्ते रुंद होत होते. ज्या घरांचा पुढचा भाग रस्त्यात येणार, त्यांच्यावर महापालिकेची माणसं लाल रंगाने रेघ आणि फुली मारून जात. काकू त्या फुल्यांच्या मागावर असायच्या. जिथे फुली दिसेल तिथे बसायचं, ते घर कागदावर उतरवायचं आणि चित्र ट्रंकेत ठेवायचं. ती ट्रंक त्यांच्या पलंगाखाली होती. तिच्यात किती चित्रं होती ते काकांनाही माहीत नव्हतं. ते म्हणत, "अर्धी सुरत आमच्या पलंगाखाली आहे. मी तिच्यावर झोपतो."

गोपीपुऱ्यातल्या एका शेरीत, म्हणजे घराला घर लागलेल्या अरुंद गल्लीत, आम्हाला ते घर सापडलं. पुढे उंच ओटा, ओट्यावर दोन सागवानी खांब, आणि त्यांनी पेललेली वरची गॅलरी. खांबांच्या माथ्यावर कोरलेले मोर होते. उजव्या खांबावर, मोराच्या पायांखाली, हाताएवढी लाल फुली होती. उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, होऊन थोडेच दिवस झाले होते, त्यामुळे शेरीभर तारांवर फाटके पतंग लटकत होते.

आम्ही समोर बसलो, काकूंनी शाईची बाटली उघडली, तोच ओट्यावरून एक म्हाताऱ्या बाई खाली उतरल्या. पांढरा साडला, कमरेला किल्ल्या; इकडे अशा आजींना सगळे बा म्हणतात. त्यांनी तुळशीची कुंडी घाईघाईने आत सरकवली, खाट उभी केली आणि आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बेन, माप जरा ओछुं लखजो," त्या हळूच म्हणाल्या. माप जरा कमी लिहा.

कागद घेऊन घराकडे बघणारं माणूस म्हणजे महापालिकेचंच, अशी तेव्हा शेरीशेरीत समजूत होती.

"बा, आम्ही मापवाळे नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही तोडवाचं नाही, चीतरवाचं करतो."

बा माझ्याकडे बघत राहिल्या. काकूही माझ्याकडे बघत राहिल्या. "बोलतेस, का मी हातवारे करू?"

मी गुजरातीत सांगितलं की या चित्रकार आहेत आणि तुमचं घर काढणार आहेत. एवढंच. बांनी एकदम खाट पुन्हा आडवी केली, तुळस बाहेर आणली आणि विचारलं, "एनो चार्ज?" काही नाही म्हटल्यावर त्यांचा संशय पुन्हा वाढला. तो चहा येईपर्यंत टिकला.

त्या सकाळी काकूंनी दोन्ही मोर, गॅलरीचा कठडा आणि खिडक्यांच्या जाळ्या शाईने काढल्या. मधेच बरणी पुढे करताना माझा धक्का त्यांच्या कोपराला लागला आणि टाकातून एक टपोरा थेंब कागदावर, गॅलरीच्या शेजारी पडला. काकूंनी थेंब बघितला, वर तारांकडे बघितलं, आणि टाकाच्या टोकाने थेंबाला चार कोपरे आणि एक लोंबती शेपटी काढली. "पतंग अडकला," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

उजवा खांब त्यांनी कोरा ठेवला. फुलीला शाईची किनार नको, तिथे सरळ कुंचल्याने लाल रंग येईल, असं त्यांचं म्हणणं. मी ते बांना सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

चहा पिताना बांनी सगळं सांगितलं. त्या नवी नवरी म्हणून याच ओट्यावर चढल्या होत्या. आता ओटा, खांब आणि गॅलरी जाणार. मागे राहील ते घर नव्हे, नुसत्या खोल्या. मुलाने नदीपलीकडे अडाजणला फ्लॅट घेतला होता, तिकडे जायचं. तोडायला माणसं पुढच्या सोमवारी येणार होती. "तमारुं चित्र मारे त्यां लई जवुं छे," त्या काकूंना म्हणाल्या. तुमचं चित्र मला तिकडे न्यायचंय. हे मात्र काकूंना दुभाष्याशिवाय कळलं. काकू ट्रंकेतलं चित्र कधी कुणाला देत नसत, पण बांना हो म्हणून बसल्या.

पुढच्या रविवारी आम्ही लवकर गेलो. नऊनंतर शेरीत ऊन शिरतं आणि सावल्या पळतात. काकूंनी भिंतीचा पिवळट, लाकडाचा तपकिरी, दारावरचा उडालेला हिरवा असे रंग पटापट भरले. मग कुंचला धुतला आणि ताटलीत लाल कालवला.

बा मागेच उभ्या होत्या. "ए शुं?"

काकूंनी खांबाकडे बोट केलं.

"ए नहीं नाखवानुं." ते नाही घालायचं.

"बा, आहे ते तर काढायला पाहिजे ना."

"मारे दररोज सवारे ए जोवुं?" बांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. रोज सकाळी उठून तीच फुली बघू का मी? जे घर पाडायच्या खुणेशिवाय होतं तेच त्यांना न्यायचं होतं. फुली असली तर चित्रच नको.

काकूंनी कुंचला बरणीत टाकला. मला म्हणाल्या, "त्यांना सांग, मी एकदा एकाच्या हट्टापायी घरावरची छत्रीसारखी अँटेना गाळली. घर पडलं. आता ते चित्र बघताना मलाच शंका येते, मी आणखी काय काय गाळलं असेल. जे दिसतं ते मी काढते. न दिसेल ते नाही."

मी सांगितलं. बा म्हणाल्या, "तो रहेवा दो," आणि ओट्यावर जाऊन पाठमोऱ्या बसल्या. मग राहू दे. काकूंनीही तोंड फिरवलं. दोघींच्या मधे मी, हातात छत्री. पाणी लावलेला कागद वाळत चालला होता आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मी गॅलरीकडे बघत होते. गेल्या रविवारी तिथे दोरीवर टॉवेल, परकर, उशीचे अभ्रे असं बरंच काही होतं. आज सामानाची बांधाबांध झालेली, कठडा मोकळा. तो बरोबर खांबाच्या वर होता.

मी ओट्यापाशी गेले. "बा," मी विचारलं, "आजे कपडां नथी सूकव्यां?"

बा वळल्या. आधी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आत्ता कपड्यांचं कोणाला पडलंय. मग वर कठड्याकडे बघितलं, खाली खांबाकडे बघितलं.

"सूकववानां तो छे ज," त्या म्हणाल्या. वाळत घालायचे आहेतच की.

त्या आत गेल्या. काकूंनी मला विचारलं, "काय बोललीस?" मी म्हटलं, "काही नाही, कपडे वाळत घातले का विचारलं." काकू खांबाकडे बघून नुसत्या हसायला लागल्या.

बा गॅलरीत आल्या तेव्हा हातात एक विटका परकर होता. तो त्यांनी कठड्यावर टाकला, मान तिरकी करून बघितला आणि लगेच ओढून घेतला. "आमां तो मारी आबरू जाय." माझी अब्रू जायची यात. पुन्हा आत. मग बराच वेळ लोखंडी पेटी उघडल्याचे, भांडी सरकवल्याचे आवाज.

या वेळी त्यांनी घरचोळं आणलं. लग्नात सासरकडून मिळतं ते, लाल, जरीच्या चौकटींचं. आमच्याकडच्या शालूच्या मानाचं. गॅलरीतून त्यांनी ते सोडलं आणि ते खांबावरून थेट खाली ओट्यापर्यंत उतरलं. कापराचा वास खाली आमच्यापर्यंत आला.

समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. "बा, घरचोळुं धोयुं? फरी परणवानां के शुं?" पुन्हा लग्न करताय की काय?

"हा," बा वरूनच म्हणाल्या. "तुं जमवा आवजे. ने चांल्लो लेती आवजे, खाली हाथे नहीं." जेवायला ये, आणि आहेर घेऊन ये.

"जे दिसतं ते काढते," काकू स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी बरणीतून कुंचला उचलला. ताटलीतला लाल तोच होता. नुसतं जरा पाणी वाढवलं, घड्यांच्या सावलीला निळ्याचं बोट लावलं, आणि जरीला कागदाचा कोरा भाग सोडला. बा सगळा वेळ गॅलरीत घरचोळ्याचं टोक धरून उभ्या होत्या. वाऱ्याने ते उडालं असतं तर फुली दिसली असती, आणि मग काकूंनी ती काढली असती, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

चित्र झालं. बांनी घरचोळं झटकून, घडी करून आत नेलं. खांबावर फुली पुन्हा दिसायला लागली. काकूंनी पिशवीतून अर्धा कागद काढला आणि पुन्हा शाईची बाटली उघडली.

"हवे शुं?" बांनी विचारलं. आता काय?

"आता हे दिसतंय," काकू म्हणाल्या.

तेही झाल्यावर बांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. "आ मारुं, ए तमारुं," त्यांनी वाटणी केली आणि आमच्यासाठी घारी, ही सुरतेची मिठाई, आणायला आत गेल्या. लहान कागदावरचं घर ट्रंकेत गेलं, फुलीसकट.

पावसाळ्याआधी काकू आणि मी अडाजणला बांकडे गेलो. चौथा मजला, नवा रंग, दिवाणखान्यात झोपाळा. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर आमचं चित्र काचेत लावलेलं. बांकडे त्यांच्या नणंदबाई आल्या होत्या आणि बा त्यांना एकेक दाखवत होत्या. हा मोर, ही माझी खिडकी, आणि हा पतंग माझ्या नातवाचा, त्या वर्षी तिथेच अडकला होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही थेंबाबद्दल काही बोलले नाही.

नणंदबाई चष्मा लावून जवळ गेल्या. "पण भाभी, घरचोळुं कोई बहार सूकवे?"

बा झोपाळ्यावर आरामात मागे टेकल्या. "आ दीकरीने पूछो," म्हणाल्या. या लेकीला विचारा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातली बशी खाली ठेवली.

"ते दिवसे तडको बहु सारो हतो," मी म्हटलं. त्या दिवशी ऊन फार छान पडलं होतं.