रविवारचा आकडा, गुरुवारचा शिक्का

गिरगावातली भाड्याची खोली सोडून मी मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आले, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं रिकामी होती. ऑफिसातून परतलं की जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज. लग्न केलं नव्हतं, आई गेली होती आणि वडील रत्नागिरीकडच्या गावी एकटे राहत होते. आम्ही दोघांनी एकत्र राहावं असं सगळ्या नातेवाइकांना वाटायचं, फक्त आम्हा दोघांना वाटायचं नाही. हा हट्ट मला वडिलांकडूनच आलेला.

गच्ची मात्र झकास होती. मिठागरांच्या बाजूला एकही दिवा नव्हता. जानेवारीत संध्याकाळी सातच्या सुमारास मृग नक्षत्र तिथे असं स्वच्छ दिसायचं की मला गावच्या अंगणाची आठवण व्हायची.

वडील शाळामास्तर होते. मृगाच्या चार पायांपैकी एक पाय तांबडा आहे, त्याला ते काक्षी म्हणायचे. हा तारा म्हातारा आणि अवाढव्य. फुगतो, आकसतो, म्हणून त्याचं तेज कमीजास्त होतं. ते मोजायला त्यांनी स्वतःचं माप केलं होतं. रोहिणी म्हणजे शून्य, मृगाचा समोरचा पांढरा पाय राजन्य म्हणजे दहा. काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसते ते बघायचं आणि आकडा लिहायचा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावायची नाही, नाहीतर तो डोळ्यात चढतो आणि आहे त्याहून ठसठशीत वाटतो. नुसती नजर टाकायची आणि काढून घ्यायची. लहानपणी मी टक लावली की टपली बसायची.

आई गेल्यावर आमचा शिरस्ता ठरला. थंडीत मृग दिसू लागला की दोघांनी दर रविवारी संध्याकाळी बघायचं, आणि सोमवारी सकाळीच आकड्याचं पोस्टकार्ड पेटीत टाकायचं. म्हणजे माझं कार्ड आणि त्यांचं कार्ड वाटेत एकमेकांना ओलांडून जायचं, आणि कुणाला कुणाचं बघून लिहिता यायचं नाही. त्यांचं कार्ड मला गुरुवारी मिळायचं. त्यावर तारीख, आकडा, आणि जागा उरली तर आंब्याच्या मोहराची खबर. माझा सहा तर त्यांचा पाच, कधी दोघांचा पाच. तो आकडा जुळला की त्या बिल्डिंगमध्ये मी एकटी नाही असं वाटायचं.

गच्चीवर मला फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन भेटायच्या, पापड उचलायला आलेल्या. एकदा त्यांनी विचारलंच, "रोज रोज क्या देखती हो?"

मी तांबडा तारा दाखवला. त्यांचा चेहरा पडला.

"मंगल है तुमको? इसीलिए शादी नहीं हुई?"

"अहो, वो मंगल नहीं है, दूसरा तारा है."

"लाल है ना? फिर मंगलही है," म्हणून त्यांनी माझ्या हातावर दोन पापड ठेवले. त्यानंतर मंगळवारी त्या माझ्याशी जास्तच मायेनं बोलायच्या.

तीनेक वर्षांनी आकडे फाटायला लागले. माझा पाच, त्यांचा सात. माझा पाच, त्यांचा आठ. माझंच चुकतंय म्हणून मी चष्म्याचा नंबर तपासून आले. मग शिमग्याला गावी गेले, तर वडील साबणाच्या नावानं बोटं मोडत होते.

"हल्ली धोतर पांढरं म्हणून निघत नाही. बघ, कसं पिवळट दिसतंय."

धोतर पांढरंशुभ्र होतं. मी हातात धरून उभी राहिले आणि सगळं कळलं. मोतीबिंदूनं त्यांच्या डोळ्यांत पिवळा पडदा आला होता. पांढरा राजन्य त्यातून फिका पडत होता आणि तांबडी काक्षी होती तशीच दिसत होती. म्हणून ती त्यांना राजन्याच्या जवळ चढलेली वाटत होती.

मी बोलले नाही. त्यांचा आकडा चुकतोय हे त्यांना मी सांगायचं? आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. हे कळलं तर ते बघणं सोडतील, आणि गुरुवारी मला कार्ड येणार नाही. तेवढंच तर येत होतं मला.

तेव्हापासून मी सोमवारी कार्ड टाकायचं बंद केलं. गुरुवारी त्यांचं आलं की त्यावरचा आकडा बघायचा, वर रविवारची तारीख घालायची आणि तोच आकडा लिहून टाकायचा. आठ. आठ. नऊ. त्यांनी एकदा लिहिलं, "आता कसे जुळतायत बघ!" वाचून मी रडले, पण पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच केलं. हळूहळू गच्चीवर जाणंही सुटलं. आकडा घरबसल्या मिळत असताना जिने कशाला चढायचे?

तीन वर्षं असं चाललं. चौथ्या जानेवारीत कार्ड आलं. "काक्षी चार. दिवाळीनंतर तालुक्याला शिबिरात डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. तुला कळवलं नाही, रजा काढून धावत आली असतीस. धोतरं पांढरी आहेत. साबणाची माफी मागितली."

मी आनंदानं बेनना जाऊन सांगितलं. मग घरी आले आणि, सांगायला लाज वाटते, गच्चीवर न जाता कार्डावर चार लिहिलं.

पुढचं कार्ड गुरुवारी आलं नाही, शनिवारी आलं. अक्षर पूर्वीसारखं सुबक होतं.

"तुझाही नऊचा चार झाला. ऑपरेशन तुझंही झालं काय? म्हणून तुझी जुनी कार्डं काढली. पोस्टाचे शिक्के इतके दिवस वाचता येत नव्हते, आता येतात. रविवारचा आकडा आणि सगळे शिक्के गुरुवारचे नाहीतर शुक्रवारचे. म्हणजे तीन वर्षं मी एकटाच बघत होतो."

खाली आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गच्चीच्या कुलपाची किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना, शेवटी बेनकडून आणली. मिठागरांच्या बाजूला आता पिवळ्या दिव्यांची रांग लागली होती, पण मृग वर आला होता. मी काक्षीवर नजर टाकली आणि काढून घेतली. पुन्हा टाकली. पाच.

सोमवारी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, कार्ड पेटीत टाकलं. समोरून त्यांचं कार्ड निघालंय की नाही, हे गुरुवारपर्यंत मला कळणार नव्हतं.