मला न समजलेली सिद्धता

हे मी बायकोलाही कधी बोललेलो नाही — तुम्हाला सांगतोय. पण आधी थोडी बढाई मारू द्या. भूमितीत माझा हात धरणारा त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात कुणी नव्हता. आजही हे मी छाती पुढं काढून सांगतो.

निजामाचं राज्य भारतात विलीन झाल्यावर आमच्याकडं तरुण गणितींसाठी दरवर्षी एक बक्षीस द्यायला लागले — चांदीचं पदक. फळ्यासमोर उभं राहून सिद्धता तोंडी सांगायची. परीक्षक तिघं: पुण्याकडून आलेले एक साहेब, तिकडचेच एक वकील आणि मी. गणितातला मी एकटाच, म्हणजे निकाल माझ्या शब्दावर. काय रुबाब होता माझा!

त्या रुबाबाखाली एक थाप होती. मी शिकलो निजामाच्या राज्यात, उर्दूत. पण नव्या साहेबलोकांत उर्दू शाळेतला माणूस जरा कमीच धरत — म्हणून सोलापूरला मराठीत शिकलो असं मी ठोकून देत असे. ‘व्हय’ सोडून ‘हो’ म्हणायला लागलो होतो. लाज तरी कसली वाटत होती मला? जे येत होतं, त्याचीच?

एका वर्षी मुरुमची सुशीला आली. भूमिती तिला वडिलांनी घरीच शिकवलेली. प्रश्न असा — समभुज त्रिकोणात कुठंही बिंदू घ्या, तिथून तिन्ही बाजूंवर टाकलेल्या लंबांची बेरीज नेहमी सारखीच का? पुस्तकात याला पानभर लागायचं. तिनं बिंदूपासून तिन्ही कोपऱ्यांना रेघा ओढल्या.

"आता ह्ये तीन मुसल्लस. तिन्हींचा रकबा मिळवला की मोठ्याचा रकबा. बाजू तर सारख्याच, म्हंजे अमूदांची बेरीज बदलतीया कशाला?"

संपलं! अंगावर काटा आला माझ्या. मुसल्लस म्हणजे त्रिकोण, रकबा म्हणजे क्षेत्रफळ, अमूद म्हणजे लंब — इतकं सुंदर उत्तर त्या फळ्यावर कुणी दिलं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

आणि मी — हो, मीच — म्हणालो, "मला समजलं नाही."

पदक दुसऱ्याला गेलं.

तिचे वडील दाराशी उभे होते. शाळेत ते माझ्याच बाकावर बसत. भूमिती त्यांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मीच शिकवली होती — याच शब्दांत. म्हणजे ती पोरगी माझ्याच घराण्यातली! याचा अभिमान मला आजही वाटतो, आणि तो कुणापुढं मिरवायला मला तोंड नाही.

त्यांनी मला ओळखलं होतं. तरी लेकीला एवढंच म्हणाले, "चल बाई. सरांना न्हाय समजलं."

ती जागची हलेना. "मग आबा, तुमाला ज्यांनी शिकवलं त्येंना बोलवा की. त्येंना तर समजंल न्हवं?"

शिकवणारा मी समोरच उभा होतो. मान मात्र आबांनी खाली घातली.