पहिल्या पानावरचं नाव

केजच्या ठाण्याला असतानाची ती चोरी अजून माझ्या मनातून जात नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण एका जुन्या कॉमिकच्या तपासाइतकं जड काही वाटलं नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. ब्लाउज शिवून संसार चालवणारी एक विधवा ठाण्यात आली. तिच्या पत्र्याच्या पेटीतून कॉमिक गेलं होतं. मुखवटा घालून उडणाऱ्या नायकाचं, हिंदीतलं, तीसेक वर्षांपूर्वीचं. अंमलदाराने सवयीने विचारलं, "मावशी, किंमत किती लिहू?"

"त्याची काय किंमत सांगू? माझ्या थोरल्याचं हाय. चौथीत असताना तापानं गेला. पहिल्या पानावर सोताच्या हातानं नाव लिवलंय. त्याच्या हातचं तेवढंच हाय माझ्याकडं."

अंमलदाराने पेन खाली ठेवला. तिचा जबाब मग मीच घेतला.

घरी जाऊन पाहिलं. पेटीचं कुलूप शाबूत, किल्ली खिळ्याला, आत चांदीचे पैंजण जसेच्या तसे. घरात ती आणि धाकटा मुलगा, दोघंच. मला अंदाज आला, पण मी बोललो नाही. घरातल्या माणसाचं नाव काढलं की आई तक्रार मागे घेते आणि खरं काय ते तसंच राहतं.

बसस्थानकाजवळचा मोबाईल दुरुस्तीवाला आमचा जुना खबऱ्या. त्याने सांगितलं, "साहेब, त्या बाईचा धाकटा आलता. जुन्या कॉमिकचे लई जवळून फोटो काढून घेतले. कोपरे, पिना, पाठ. गिऱ्हाईक संभाजीनगरचं हाय म्हणला, फोटो माझ्याच फोनवरून त्याला धाडले."

त्या गिऱ्हाइकाला फोन केला. जुनी कॉमिक घेणारा-विकणारा सरळ माणूस निघाला. पार्सलने आलेलं कॉमिक घेऊन तो स्वतः ठाण्यात आला. अजून नीट तपासलंही नाही म्हणाला. धाकट्यालाही बोलावलं. "ते दोस्ताचं पुस्तक हाय," एवढंच तो घोकत राहिला.

पंचनाम्यात किंमत लिहायची होती. मी व्यापाऱ्याला म्हटलं, "आमच्यासमोरच तपासा."

त्याने हात धुऊन कोरडे केले, टेबलावर स्वच्छ रुमाल पसरला. पिना गंजलेल्या पण मूळच्याच. मधली पानं सुटलेली नाहीत. सोबत फुकट मिळालेलं स्टिकरही जागेवर. "मालिकेचा पहिला अंक आहे, साहेब. अशा अवस्थेत सहसा मिळत नाही." मग पहिलं पान त्याने खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. "इथं काहीतरी लिहिलेलं होतं. ब्लेडने खरवडलंय."

"म्हणजे किंमत कमी?"

"नाव असतं तर थोडी कमी झाली असती. मुलं नाव लिहितातच, आम्ही ते धरून चालतो. पण खरवडलेलं पान कुणी घेत नाही."

धाकटा ताडकन उठला. "तुमीच इचारलं ना फोनवर, कुणाचं नाव हाय का म्हणून!"

"नुसतं विचारलं होतं. खोडा म्हणालो नव्हतो."

"मग तवाच सांगायचं ना!" तो ओरडला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. तो मटकन खाली बसला.

मी त्याला पाणी दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "कावून केलं रे?"

"मी जिता हाय, साहेब. माझी एक वही ठेवली न्हाई तिनं. रोज पेटी उघडती, ते पान काढून बसती. मी समोर जेवत असतो, तिला दिसत न्हाई. चांगली किंमत येती म्हणून कळलं, अन् वाटलं, जाऊ दे एकदाचं घरातून."

आई बाहेर बाकावर होती. ओळख पटवायला तिला आत बोलावलं. तिने पहिलं पान उघडलं आणि त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथंच होतं. मग तिने व्यापाऱ्याला विचारलं, "तुमाला यातलं कळतं. हे परत दिसल का?"

"नाही, आई. शाई कागदासकट गेलीय."

"कुणी केलं?"

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी धाकट्याकडे. शेवटी धाकटाच म्हणाला, "मी."

"तू? कावून रे?"

मला जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही त्याला तिच्यापुढे बोलता येईना. मग ते मीच तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "ह्यो बी माझाच हाय की, साहेब," ती म्हणाली. पण म्हणाली ती मला. त्याच्याकडे तिने मान वळवली नाही.

तक्रार चालवायची नाही, असा जबाब देऊन ती कॉमिक पदराखाली घेऊन निघाली. तो मागून गेला, अंतर राखून.

पुढे माझी बदली झाली. धाकटा पुण्याला कंपनीत लागला आणि सणालाही येत नाही, असं खबऱ्याकडून कळलं.

मुद्देमाल मिळाला की आम्ही तपास यशस्वी झाल्याचं लिहितो. इथेही तसंच लिहिलं. पण एक लेकरू तापानं नेलं आणि दुसरं जिवंतपणी दुरावलं, त्याला कुठलं कलम लावणार? त्यानंतर घरातल्या चोरीची तक्रार आली की काय गेलं हे मी मागाहून विचारी. आधी विचारी, घरात कोण कोण आहे, आणि ते एकमेकांशी बोलतात का.