अय्युबभाई आणि रोजचं शहाळं

मंडईत वजनकाटे दुरुस्त करणारे अय्युबभाई आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही माझ्यासाठी. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा माझा धीर व्हायचा नाही.

माझा फळांचा गाळा आणि शेजारी त्यांचं चार फुटांचं दुकान. तीस वर्षांचा शेजार. काटा कसलाही बिघडलेला असो, त्यांच्या हातात गेला की खरं बोलायला लागायचा. एकदा त्यांनी भर गिऱ्हाइकांत मला विचारलं, "रावसाहेब, तुमचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतोय. राहू देऊ की नीट करू?" मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. काटा मात्र त्यांच्याकडूनच नीट करून घेतला, कारण दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता.

माझी ख्याती वेगळी. रावसाहेबांकडे नुसता भाव विचारला तरी पैसे पडतात, असं लोक म्हणायचे. फारसं खोटं नव्हतं ते.

दोन वर्षांपूर्वी अय्युबभाईंच्या छातीत जळजळायला लागलं. "पित्त आहे, आल्याचा रस घ्या," असं डॉक्टरच्या थाटात सांगणारा मीच. चार दिवस त्यांनी रस घेतला. पाचव्या दिवशी दवाखान्यात कळलं, झटका येऊन गेलाय. हृदयाचा तेवढा स्नायू मेला होता आणि त्या जागी व्रण धरणार होता. तो पुसायचं औषध नाही, डॉक्टर म्हणाले. तो पसरू नये, उरलेलं हृदय ताणू नये, एवढंच गोळ्यांच्या हातात. त्यातल्या एका छोट्या गोळीवर त्यांची मोठी भिस्त होती.

आल्याच्या रसावरून माझं मन मला खायला लागलं. अय्युबभाई दुकानात परत आल्यावर मी रोज सकाळी एक शहाळं फोडून त्यांच्यापुढे ठेवू लागलो. आजाऱ्याला शहाळं द्यायचं, यात कुणाला काय विचारायचं? पहिल्या दिवशी त्यांनी शहाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "शुक्रिया" म्हणून पिऊन टाकलं. मलईसुद्धा ठेवली नाही. मग मला चेव आला. कधी कधी दोन द्यायचो.

वीस-बावीस दिवसांनी ते दुकानातच कोसळले. रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात व्हायची होती. रक्तात पोटॅशियम बेसुमार वाढलं होतं आणि नाडी पस्तिशीवर आली होती. वाचले ते थोडक्यात.

ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "ती छोटी गोळी शरीरात पोटॅशियम साठवते. खाण्यात काही आलं होतं का? केळी, नारळपाणी?"

"नाही," अय्युबभाई म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. शेजारी त्यांची मुलगी यास्मिन. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण त्या पोरीसमोर मला लाज वाटली आणि मी गप्प राहिलो. मंडईत ज्याच्या तोंडाला कुणी लागत नाही, तो मी. "मग ही गोळी यांना सोसत नाही," असं म्हणून डॉक्टरांनी ती कायमची बंद केली.

त्यानंतर त्यांचं हृदय फुगत गेलं. पायांवर सूज यायची. काट्याचा स्क्रू पिळतानाही ते मध्येच थांबून दम खायचे. या दिवाळीनंतर दुकान उघडलंच नाही.

गेल्या महिन्यात यास्मिन गाळ्यावर आली. "काका, ती गोळी सोसली असती तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणत होते. अब्बांचं नशीब, दुसरं काय."

नशीब म्हटल्यावर मला राहवेना. तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि तेच पुन्हा सांगायला लावलं.

"अहो, हे तेव्हाच सांगायचं!" डॉक्टर म्हणाले. "शहाळं बंद करून, कमी ताकदीची गोळी देऊन बघितलं असतं. गुण आलाच असता असं नाही, पण वाट तरी उघडी होती. आता किडन्याही थकल्यात. आता ती गोळी देता यायची नाही."

तिथून मी गंज पेठेत त्यांच्या घरी गेलो. अय्युबभाई तीन उशांना टेकून बसले होते. मी विचारलं, "शहाळं चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दवाखान्यातून घरी सोडतानाच कागदावर लिहून दिलं होतं. तो काय, यास्मिनच्या अम्मीने कपाटावर चिकटवलाय."

"मग प्यायलात कशाला?"

त्यांना दम लागला होता. तो जरा बसल्यावर म्हणाले, "रावसाहेब, तीस वर्षांत तुम्ही कुणाला काही फुकट दिलेलं मी पाहिलं नव्हतं. नको कसं म्हणणार?"