भाभीचा कप भरलेलाच राहायचा

पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही, दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी आलं. भाभी माझ्यासाठी चहा ओतायची, स्वतःसाठी पण ओतायची, माझा कप माझ्यापुढे सरकवायची आणि स्वतःचा हातात धरून बसायची. नुसता धरून. वाफ जायची, कप गार व्हायचा, आणि तसाच्या तसा मोरीत ओतला जायचा. मी बघत होते. माझ्या मांडीवर माझी पोरगी, चौथा महिना लागलेला, अंगावर पिणारी. मी जे पिणार ते तिच्या पोटात जाणार, हे कळायला शाळा लागत नाही, आणि माझी शाळा तर नववीतच सुटली. मग जे माणूस स्वतः पीत नाही आणि दुसऱ्याला पाजतं, त्याच्याबद्दल मनात काय येईल, सांगा बरं.

भाभी म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला किराणा दुकान आहे ना, त्यांची सून. मूळचे राजस्थानकडचे, पण आता जळगावचेच. खाली दुकान, वर घर. मी धुळ्याकडची, लग्न करून इथं आलेली, मला दोन शब्द बोलायला तीच एक. एकदा मी चहा पावडर परत घेऊन गेले. म्हटलं, भाभी, ही अगरबत्तीजवळ ठेवली होती का, कपातून देवघराचा वास येतोय. तिने पुडा नाकाशी नेला, तिला काही येईना. गल्ल्यावरून तिचे सासरे म्हणाले, "तिथंच होती ती. अगरबत्तीच्या खोक्याखाली."

भाभी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "दुपारी वर ये. काम आहे."

वर गेले तर खोलीभर डबे. काळा चहा, हिरवा चहा, कशात फुलं, कशात सालं, कशात पुदिना. हे छोट्या पाकिटांत भरून ती फोनवरून विकणार होती, लांब लांबच्या शहरांत. प्रत्येक पाकिटावर चव कशी ते लिहायचं होतं. "मी लिहिलं की पुस्तकातल्यासारखं होतं," ती म्हणाली. "तू पी आणि तोंडात येईल ते बोल. मी फोनवर आवाज घेते, मग त्यातलं निवडू."

घरी सांगितलं, तर ह्यांचं लक्ष आवाजावरच. "आवाज घेते? आजकाल आवाजावरून लोक फसवतात. उद्या तुझ्या आवाजात मला फोन येईल, पैसे पाठवा म्हणून."

"मग नका पाठवू."

"तसं तू स्वतः मागितले तरी मी कुठं पाठवतो," हे म्हणाले, "म्हणून वाचू आपण."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या मुक्ताईनगरकडच्या, बोलणं तिकडचंच. "मले एवढं सांग व," त्या म्हणाल्या, "फुकट काहून पाजते ती? दुकानदाराघरी गुळाचा खडा बी मोजून भेटते."

पण गेले. घरात दिवसभर मी आणि पोरगी आणि सासूबाईंचे टोमणे, त्यापेक्षा तिथं बसलेलं बरं वाटायचं, आणि खरं म्हणजे माझ्या बोलण्याला कोणीतरी फोन पुढे धरतंय हे मला आवडत होतं.

पहिला चहा काळा, त्याला संत्र्याच्या सालीचा वास. मी म्हटलं, हा तर लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावतात तसा आहे, वास आधी येतो आणि माणूस मागून. मोगऱ्याचा हिरवा होता, त्याला म्हटलं, गजरा रात्रभर पाण्याच्या वाटीत ठेवला आणि सकाळी तेच पाणी प्यायलं. एक होता व्हॅनिलाचा, त्याला म्हटलं, बिस्किटाचा पुडा फोडला आणि आत बिस्किटच नाही. भाभी हसायची, फोन हलायचा. एक फळाचा होता, त्या फळाचं नाव तिने सांगितलं पण मी ते कधी खाल्लेलंच नाही, मी म्हटलं, ज्याची ओळख नाही त्याच्याबद्दल मी काय बोलू.

मग एक काळा आला, पानंच धुरावर सुकवलेली म्हणे. एक घोट घेतला आणि मी कप खाली ठेवला. "भाभी, हे भरीत आहे."

"काय?"

"कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजतात, त्याचं साल काढलं की हाताला जो वास राहतो ना, तो. मीठ-मिरची राहिली फक्त."

ती एवढी हसली की तिच्या सासूने आतून विचारलं, काय झालं. पण हसतानाही, मी बघितलं, तिने तो कप स्वतःच्या तोंडापासून लांब धरला होता. नाक दुसरीकडे.

आता इथं एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कोणाच्या घरी कपात चहा उरवत नाहीत. माझी आई सांगायची, आपल्या घरी टाकलं तर अन्न रुसतं, लोकांच्या घरी टाकलं तर माणूस रुसतं. म्हणून मी प्रत्येक कप तळापर्यंत प्यायचे, आवडो न आवडो, ते भरीतसुद्धा प्यायले. आणि भाभीच्या घरची रीत अशी, की पाहुण्याचा कप रिकामा दिसला की भरायचा. विचारायचंसुद्धा नाही. मी रिकामा करायचे, ती भरायची. एका दुपारी चार, कधी पाच कप पोटात जायचे, वरून घरचा सकाळ-संध्याकाळचा वेगळा.

आणि पोरगी झोपेना.

आधी अशी नव्हती. पाजलं की मान टाकायची, झोळीत घातली की गेली. आता डोळे टक्क उघडे, मुठी वळलेल्या, दिवस नाही रात्र नाही, पाय मारतेय, रडतेय, पिते आणि सोडते, पिते आणि सोडते. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. दृष्ट आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, दूध कमी पडते तुले. आणि एकदा का घरात बाईचं दूध कमी आहे असं म्हणायला सुरुवात झाली की ते थांबत नाही, शेजारीण विचारते, नणंद फोन करते, आणि मग खरंच आटतं. मी गपचूप दाबून बघायचे, आहे का. असायचं. मग पोरगी का सोडतेय?

त्याच आठवड्यात भाभीने एक पाकीट घरी दिलं, जास्वंदीची सुकी फुलं, लिंबाची सालं, काळ्या चहात मिसळलेली. म्हणाली, घरच्यांना पण पाजून बघ. मी आणलं आणि आपला चहा करतो तसा केला. पाणी, साखर, आलं, ती फुलं, आणि उकळी आल्यावर दूध. दूध ओतलं आणि बघता बघता सगळं फाटलं. लाल पाणी एकीकडे आणि पांढऱ्या गुठळ्या एकीकडे.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. गॅस बंद केला, पातेलं उचललं, वास घेतला. मग म्हणाल्या, "पातेल्यातलं फाटलं ते दिसलं. तुझ्या अंगातलं कोनाले दिसीन?"

मी तिथंच खाली बसले. मला वाटलं हेच आहे. हेच आहे ते, आणि म्हणूनच भाभी पीत नाही.

धुळ्याला आईला फोन लावला. आई आमच्या अहिराणीत बोलते, तिला लपवून काही सांगता येत नाही, श्वासावरून ओळखते. मी भडाभडा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ती सोता पेस का?"

"नाही पीत."

"मंग काय शे त्या चहामा?"

"मला काय माहीत, आई."

"ईचार ना तिले. तोंड शे ना तुले?"

तोंड होतं, पण विचारायचं कसं. हातात काही नसताना बाईवर आळ घ्यायचा, तोही ज्या दुकानातून महिन्याचा किराणा येतो त्या घरच्या. पोरीच्या डोसचा दिवस आला तेव्हा दवाखान्यात सिस्टरला म्हटलं, पोरगी झोपत नाही. तिने पोरीला उलटं-सुलटं केलं, वजन केलं, वजन चांगलं भरलं. मला म्हणाली, "दूध भरपूर आहे तुला, काळजी नको. चहा किती पितेस?"

मी सांगितलं. तिची सुई हातातच राहिली. "चार-पाच? आणि घरचा वेगळा? अगं, चहानं तुझी झोप उडते ना, तशी दुधातून तिची उडते. हिरवा असो नाहीतर काळा. दिवसाला एखाद-दोन कप पी. आणि दूध फाटलं ते आंबटामुळे. लिंबू पिळलं तर काय होतं? पातेल्यात होतं ते अंगात होत नाही."

एवढं साधं. पण मला हलकं नाही वाटलं, उलट राग चढला. मला हे माहीत नव्हतं, पण भाभी बारावी पास, दिवसभर फोनवर चहाचंच वाचते. तिला माहीतच असणार. म्हणूनच तिचा कप भरलेला.

सरळ तिच्याकडेच गेले, पोरगी कडेवर, डोस दिलेला पाय आखडून रडतेय. भाभीने नेहमीसारखे दोन कप ओतले.

"आज पहिले तू पी," मी म्हटलं.

"घेते ना नंतर."

"नंतर नाही. माझ्यासमोर पी."

तिने कप उचलला, ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "मला वास सहन होत नाही गं सध्या."

"सध्या म्हणजे?"

ती उठली आणि खोलीचं दार लोटून आली. खाली बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कोणाला बोलू नको. सासूला पण नाही सांगितलं. तिसरा पूर्ण व्हायचाय. मागच्या वेळी दुसऱ्यातच पेढे वाटले होते यांनी, आणि मग..." तिने टोक सोडवलं आणि परत गुंडाळलं. "डॉक्टर म्हणाली, चाय कमी कर. मी भीतीने पूर्णच सोडली."

माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे तुझ्या पोटातल्याला चालत नाही आणि माझ्या पोरीला चालतं?"

तिने पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता खोटं बोलेल, मी तिच्या डोळ्यांतच बघत होते.

"मला वाटलं तू चव घेशील," ती म्हणाली. "एक घोट, दोन घोट. बाकी ठेवून देशील. तू तर सगळंच पीत होतीस. मला वाटलं तुला आवडतंय."

"ते भरीत कोणाला आवडेल? तू भरत होतीस म्हणून मी पीत होते."

"तू रिकामा करत होतीस म्हणून मी भरत होते."

"मग म्हणायचं ना, उरव म्हणून."

"पाहुण्याला उरव म्हणतात का कोणी?"

मीच कुठं म्हटलं होतं, पुरे. पोरगी रडून रडून आमच्याकडे बघायला लागली होती. भाभीने नाक पुसलं, म्हणाली, हे काम करणारे लोक पीतच नाहीत, चमच्याने सुर्रकन ओढतात, तोंडात फिरवतात आणि थुंकतात. फोनवर बघितलं होतं तिने. "पण माझ्या घरी येऊन बसलेल्या बाईला मी थुंक म्हणून कसं सांगू?"

"सांग आता."

तिने मोरीतून स्टीलचं डबडं आणलं. मी पाठ फिरवून थुंकले, पदर तोंडावर घेऊन. लोकांच्या घरात बसून, पाहुणचाराचा चहा थुंकायचा, आईला कळलं तर ती धुळ्याहून चालत येईल.

तेव्हापासून असंच चालतं. चमचाभर, थुंक, बोल. भाभीला वास नको म्हणून ती खिडकीत बसते, फोन तेवढा माझ्याकडे लांब करून. घरी मी फक्त चहा थुंकते एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "थुकायचे कप फुकट देते, मंग ठीक आहे, त्यात तिचं काय जाते." बाकीचं मी पोटात ठेवलं. पण भाभीला त्याची खात्री वाटत नाही, हे मला दिसतं. मी खाली दुकानात उभी असले आणि तिच्या सासूशी दोन शब्द बोलले, की जिन्यावरून तिचे डोळे माझ्या ओठांवर. आधी मी तिच्या कपावर नजर ठेवायचे, आता ती माझ्यावर ठेवते. तिचा मला राग येत नाही. पोटात किंवा मांडीवर पोर असलं की बाईला कोणाचाच भरवसा वाटत नाही, मला तरी कुठं वाटतो.

परवा दुपारी वर बसले होते. कैरीचा हिरवा होता, मी म्हणत होते, कैरी सोलून झाल्यावर विळीला जो वास असतो तो. बोलता बोलता ध्यानात आलं, मांडीवर काही हालचालच नाही. पोरगी झोपली होती. तोंड उघडं, मुठी सुटलेल्या, पाय लोंबलेले. कितीतरी दिवसांनी अशी.

भाभी खिडकीतून हळूच म्हणाली, "झोपली बघ."

मी बघतच होते. जास्तच गाढ वाटली मला. एवढी कशी झोपली, आणि आजच कशी. चहा सुटला म्हणून झोपली, का त्या कैरीच्या चहात आणखीच काही होतं आणि घोटभर गिळलं मी? मी चमचा खाली ठेवला, आणि बोट तिच्या नाकाखाली धरलं.

भाभी उठून जवळ आली, तिने पण श्वास रोखला होता.

"येतोय?" ती म्हणाली.

मी बोट काढलं नाही. "थांब," मी म्हटलं, "अजून एकदा येऊ दे."