नदीच्या मधोमध डेअरी

आमच्या गावानं एकदा दूध डेअरीची शेड चक्क नदीत बांधली. हसा खुशाल, आम्हीही हसतो. पण तेव्हा तिला नदी म्हणायचं तरी कशाला? सलग दोन सालं पावसानं दगा दिलेला. आम्ही पोरी तिच्या पात्रात लंगडी खेळायचो.

गाव दोन काठांवर वसलेलं, अल्याड आणि पल्याड. चाऱ्यावाचून म्हशी आटत चाललेल्या. दोन्हीकडचं दूध एकत्र केलं तरच कॅन भरायचे, आणि कॅन भरले तरच तुळजापूरहून टेम्पो यायचा. म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, दारोदार फिरून दोन्ही काठांची मिळून एक सोसायटी केली. लगेच वाद पेटला, शेड कुठल्या काठाला? पल्याडचे एक आजोबा तर हटूनच बसले. "आमच्या काठाला न्हाय, तर आमचं दूधबी न्हाय." आमची अल्याडची मंडळी तरी कुठं कमी होती! सोसायटी फुटली असती तर टेम्पो बंद, आणि म्हशी बाजारात. दादा दोन्हीकडच्यांच्या हातापाया पडून थकले.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला, शेड मधोमध. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही पाण्याची आठवण झाली नाही. आईसुद्धा म्हणाली, "लई बेस जागा. कुणाला तक्रारीला तोंडच न्हाय." दोन्हीकडच्यांनी मिळून पत्रे ठोकले. टेम्पो पल्याडच्या सडकेवरून थेट पात्रात उतरायचा. दूध मापायचं तिथंच, चहा तिथंच, दोन सोयरिकीही तिथंच जमल्या. तो उन्हाळा भारी गेला.

मग एका दुपारी नदीचा घूं घूं आवाज आला. आमच्याकडं थेंब नव्हता, वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. शेडमधली माणसं कॅन उचलून पळाली. बघता बघता पत्रे गेले, खांब गेले, बाकडं गेलं. दोन्ही काठांवर ही गर्दी, आणि जो तो खुशीत. आईनं घाईनं हळदकुंकू आणून नदीची ओटी भरली. दादा मात्र मटकन खाली बसले. "गेली सोसायटी," म्हणाले. "आता ह्यांचं भांडण पुन्हा सुरू."

दुसऱ्या दिवशी पाणी जरा उतरलं तशी पल्याडून त्याच आजोबांची हाक आली. "शेड तुमच्याच काठाला घ्या. पाणी आलंय, आता चारा हुईल. आमी येतो दूध घिऊन."

दादा काठाशी गेले. तोंडाशी हात धरून ओरडले, "आसं कसं? सडक तुमच्याकडं हाय. तिकडंच बांधा, आमी येतो."

"न्हाय न्हाय, तुमच्याकडंच!"

"तुमी थोर हाव, आयका माझं!"

दोघंही हटेनात. दोन्ही काठांवरची माणसं पोट धरून हसत होती. अखेर टेम्पोचा विचार करून आजोबांनी माघार घेतली, आणि शेड पल्याड ठरली.

दादा घरी आले तेव्हा त्यांचा आवाज पार बसलेला. आई चुलीपुढं होती. तिच्याजवळ वाकून कसंबसं म्हणाले, "ऱ्हायली गं सोसायटी. एकच ऱ्हायली."