माझी शांत दहा मिनिटं

गुरुवार. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

मुलींवर ओरडणं कमी व्हावं म्हणून मी रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देते. आज घर फारच शांत होतं. मला ते माझंच यश वाटलं.

डोळे उघडले तर तीन वर्षांची धाकटी आंघोळीच्या पेटत्या बंबाजवळ उभी, तळहात भाजलेला. सहा वर्षांच्या थोरलीने तिचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

“अगं, मला हाक का नाही मारलीस?”

“तूच म्हणलीस ना, मधी आवाज केला तर मार बसंल.”

डॉक्टर म्हणाले, हात बरा होईल. पण थोरली दिवसभर माझ्याजवळ आली नाही.

तुमच्या घरातली शांतता कशाची आहे, कधी पाहिलंत?

उद्याचं काम एकच: थोरलीची माफी मागायची.